ग्रुप मोठा झाला, जुना झाला: आता तो चालवायचा कसा?

"ग्रुप पूर्वीसारखा राहिला नाही." तुमच्यापैकी अनेकांनी जवळपास याच शब्दांत कळवलं आहे. कळवणाऱ्यांत सोसायट्यांचे सेक्रेटरी आहेत, शाळेच्या तुकडीचा ग्रुप सांभाळणाऱ्या बायका आहेत, द्राक्षबागायतदार आहेत, ट्रेकला जाणारी मुलं आहेत, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचे कार्यकर्ते आहेत. कुणी विचारतं, गुड मॉर्निंगचे मेसेज थांबवायचे कसे. कुणी एकाला ग्रुपमधून काढलं, तर तो आता वकिलाची भाषा बोलतोय. कुणाच्या ग्रुपवर दोनशे माणसं आहेत आणि बोलतात सहाच.

या तक्रारींमध्ये दोष बहुधा माणसांवर टाकलेला असतो. अमका फार फॉरवर्ड करतो, तमक्याला राजकारणाशिवाय काही सुचत नाही. असतीलही ती तशी. पण ग्रुपवर वीसजण होते तेव्हाही हीच माणसं होती आणि तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. मधल्या काळात संख्या वाढली आणि वर्षं गेली. वीसजणांत जे न ठरवता चालून गेलं, ते अडीचशेंना पुरत नाही. ते बसून, ठरवून बदलावं लागतं.

माझ्या मनात हा विषय का घर करून आहे, तेही सांगते. आमच्या दहावीच्या तुकडीचा ग्रुप २०१४ साली अकराजणांनी सुरू केला. चार वर्षांत दुसरी तुकडी आली, मग मागच्यापुढच्या वर्षांतले आले, आणि आम्ही १८० झालो. एके दिवशी सकाळी एका मैत्रिणीने नवऱ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त हवं आहे, असा मेसेज टाकला. त्या दिवशी सणाच्या शुभेच्छा चालू होत्या. संध्याकाळपर्यंत तिच्या मेसेजवर ऐंशी-नव्वद मेसेज चढले. आमच्यातले चौघे त्याच शहरात राहणारे, त्याच रक्तगटाचे होते. एकानेही तो पाहिला नाही. रक्त तिला दुसरीकडून मिळालं आणि नवरा बराही झाला. ती मात्र त्यानंतर ग्रुपवर एक शब्द बोललेली नाही. तेव्हा अ‍ॅडमिन मी होते.

संख्या वाढली की नेमकं काय होतं

वाढदिवसांचाच हिशेब करून बघा. वीसजणांच्या ग्रुपवर वर्षाला वीस वाढदिवस येतात. पंधराजणांनी शुभेच्छा दिल्या तर ३०० मेसेज होतात, आणि ते हवेसे वाटतात. अडीचशेजणांच्या ग्रुपवर वर्षाला २५० वाढदिवस. प्रत्येकाला फक्त चाळीसजणांनी शुभेच्छा दिल्या तरी १०,००० मेसेज, म्हणजे रोजचे सत्तावीस. यात कुणीही गैर वागलेलं नाही. प्रत्येकाने प्रेमानेच लिहिलं आहे. तरीही कामाचा मेसेज त्याखाली गाडला जातो.

दुसरा हिशेब ओळखीचा. वीस माणसांत दोघादोघांच्या १९० जोड्या होतात, अडीचशेंत ३१,१२५. वीसजणांत कुणाचं बोलणं थट्टेचं, कुणाच्या घरी काय चाललंय, हे सगळ्यांना माहीत असतं. अडीचशेंत वाचणाऱ्याला बोलणारा माणूसच ठाऊक नसतो. म्हणून जो टोमणा जुन्या मित्राला गमतीचा वाटतो, तोच कालच आलेल्याला अपमान वाटतो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची मर्यादा आधी १०० होती. २०१६ मध्ये ती २५६ झाली आणि २०२२ मध्ये ५१२ व मग १,०२४. अ‍ॅपमध्ये जागा आहे म्हणून भरती करत राहू नका. माझा अनुभव असा: तीसेक माणसांपर्यंत नियम लागत नाहीत. शंभराच्या आसपास लिहिलेले नियम आणि किमान दोन अ‍ॅडमिन लागतात. त्यापुढे एकाच ग्रुपवर गप्पा आणि काम दोन्ही चालत नाहीत.

ग्रुप म्हातारा होतो, त्याच्या खुणा

वयाचा परिणाम संख्येपेक्षा वेगळा असतो. पालकांचा ग्रुप मुलं पहिलीत असताना बनतो. मुलं दहावीला पोचली की त्याचं काम बदललेलं असतं, नाव मात्र तेच राहतं. ट्रेकिंगचा ग्रुप काढणाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागतात आणि नव्या मुलांना शनिवारचा ट्रेक हवा असतो. या खुणा दिसू लागल्या तर लक्ष द्या:

- तोच प्रश्न चौथ्यांदा येतो आणि जुने सदस्य "वर बघा" एवढंच लिहितात.
- बोलणारे तेच पाच-सहाजण असतात.
- नवा माणूस आल्यावर त्याला कुणी काही विचारत नाही.
- महत्त्वाचं बोलणं "पर्सनलवर ये" म्हणून बाजूला जातं किंवा त्यासाठी निराळा छोटा ग्रुप निघतो.

शेवटची खूण सर्वांत बोलकी. जुन्या जाणत्यांनी वेगळा ग्रुप काढला म्हणून रागावू नका. त्यांना मूळच्या ग्रुपवर मोकळं बोलता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यातल्या दोघांना फोन करून विचारा, काय लिहिताना हात अडखळतो. मी असे फोन केले तेव्हा तीनदा एकच उत्तर मिळालं: "कोण वाचतंय तेच कळत नाही." मला वाटलं होतं, फॉरवर्डचा त्रास होत असेल. खरी अडचण अनोळखी नजरांची होती, आणि त्यावर मेसेज पुसून काही होणार नव्हतं.

गप्प बसणारे सगळे नाराज असतात, असंही समजू नका. कित्येकजण रोज वाचतात आणि त्यांना तेवढंच हवं असतं. "बोला नाहीतर काढून टाकू" ही धमकी कुणालाही देऊ नका. ज्यांना फक्त ऐकायचं आहे त्यांनाही इथे जागा आहे.

पहिलं काम: ग्रुप विभागा

मोठ्या ग्रुपला वळण लावण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे. शिस्तीने जे साधत नाही ते विभागणीने साधतं, आणि त्यात कुणाचं मन मोडत नाही. रक्ताच्या त्या मेसेजनंतर आम्ही हेच केलं. आता आमचे तीन ग्रुप आहेत.

1. सूचनांचा. सगळे सदस्य असतात, पण फक्त अ‍ॅडमिनना लिहिता येतं. ही सोय २०१८ पासून आहे. आजारपण, निधन, रक्ताची गरज, गेट-टुगेदरची तारीख, एवढंच इथे येतं. कुणाला काही टाकायचं असेल तर तिघांपैकी एका अ‍ॅडमिनला फोन करायचा. मेसेज पुरत नाही, फोनच करायचा.
2. गप्पांचा. ऐच्छिक. गुड मॉर्निंग, वाढदिवस, गाणी, विनोद इथे. इथे कुणी कुणाला टोकत नाही.
3. कामापुरता. स्नेहसंमेलन किंवा शाळेला मदत, असं काही ठरलं की आठ-दहाजणांचा ग्रुप काढायचा आणि काम झालं की बंद करायचा. बंद करायची तारीख पहिल्याच दिवशी लिहायची.

२०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर 'कम्युनिटी' नावाची सोय आहे. तिच्याखाली हे सगळे ग्रुप एकत्र ठेवता येतात आणि वर सूचनांचा वेगळा कप्पा मिळतो. मोठ्या सोसायटीला ती बरी पडते. शंभर-दीडशे माणसांना त्याची गरज नाही. दोन साधे ग्रुप पुरतात आणि घरातल्या ज्येष्ठांनाही ते समजतात.

विभागणी जाहीर करताना एक चूक टाळा. "कंटाळा आला म्हणून गुड मॉर्निंगवाल्यांसाठी वेगळा ग्रुप करतोय," असं लिहू नका. रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवणारे कित्येकदा एकटे राहणारे असतात. आज उठलो, बरा आहे, हे कळवण्याची त्यांची ती रीत असते. त्या मेसेजना घर द्या, आणि ते चित्र चार दिवस आलं नाही तर चौकशी करा.

नियम: पाच-सहाच, आणि सापडतील असे

वीस कलमांची यादी कुणी वाचत नाही. ग्रुप कशासाठी आहे, काय चालणार नाही, चुकलं तर काय होईल आणि अ‍ॅडमिन कोण आहेत, एवढं पुरे. ते ग्रुपच्या वर्णनात लिहा. मेसेज 'पिन' करता येतो, पण जास्तीत जास्त तीस दिवस. त्यानंतर तो आपोआप सुटतो. वर्णन कायम राहतं.

नियम अ‍ॅडमिनने एकट्याने ठरवू नयेत. मसुदा टाका, आठवडाभर सूचना घ्या, मग लागू करा. नाहीतर पहिल्याच भांडणात "हे तुला कुणी सांगितलं?" हा प्रश्न येतो आणि तो रास्त असतो.

राजकारण आणि धर्म यांवर सरसकट बंदी घालावी का, हे अनेकजण विचारतात. कुटुंबाच्या, सोसायटीच्या आणि शाळेच्या ग्रुपवर घालावी, असं माझं मत आहे. तिथली माणसं मतं जुळली म्हणून एकत्र आलेली नाहीत आणि त्यांना आयुष्यभर एकमेकांच्या शेजारी राहायचं आहे. बंदी घातली तर ती दोन्ही बाजूंना सारखी लावा. आपल्याला पटणारा फॉरवर्ड राहू द्यायचा आणि न पटणारा पुसायचा, असं एकदा जरी झालं तरी अ‍ॅडमिनवरचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणं फार अवघड जातं.

फॉरवर्ड: इथे ढिलाई नको

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाचजणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकाच ठिकाणापुरती केली. अशा मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते.

तुमच्या ग्रुपचा नियम सोपा ठेवा. दोन बाणांचा मेसेज येणार असेल तर पाठवणाऱ्याने त्यासोबत एक ओळ स्वतःची लिहायची: हे मी कुठे पडताळलं. औषध, मुलं पळवणं, दंगल, बँक बंद होणं, या विषयांवर पडताळणी नसेल तर अ‍ॅडमिनने लगेच तो मेसेज पुसावा. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि तो कोणत्या अ‍ॅडमिनने पुसला हे सर्वांना दिसतं. पुसल्यावर त्या माणसाला खासगीत कळवा. चारचौघांत "असलं पाठवू नका" म्हटलं की तो मेसेजचा बचाव करू लागतो, आणि मग विषय मेसेजचा न राहता मानापमानाचा होतो.

नव्या माणसांना कसं घ्यावं

यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चामंचांच्या जाळ्यावरची एक गोष्ट इथे कामाची आहे. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांमधून नव्या विद्यार्थ्यांची लाट तिथे यायची. महिनाभर गोंधळ व्हायचा, मग तीही तिथल्या रीतीला सरावायची. १९९३ च्या सप्टेंबरपासून व्यापारी कंपन्यांचे ग्राहक सतत येऊ लागले आणि जुने लोक त्याला न संपणारा सप्टेंबर म्हणू लागले. नवे लोक वाईट नव्हते. रीत शिकवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून वेगाने ते येत होते.

म्हणून वेगावर लक्ष ठेवा.

- निमंत्रणाची लिंक उघड्यावर टाकू नका. २०२० मध्ये अशा कित्येक लिंक गूगलच्या शोधात सापडत होत्या. लिंक पसरली असेल तर 'रिसेट' करा, म्हणजे जुनी चालत नाही.
- नव्या सदस्याला अ‍ॅडमिनच्या मंजुरीनेच प्रवेश मिळेल, असं सेटिंग चालू ठेवा.
- महिन्याला पाच-सातच माणसं घ्या आणि प्रत्येकाची दोन ओळींत ओळख करून द्या: कुठल्या वर्षाचा, कुठे असतो, कुणाच्या ओळखीचा.
- प्रत्येक नव्या माणसामागे एक जुना सदस्य ठेवा. शंका त्याला विचारायच्या. ज्या ग्रुपवर हे केलं तिथे "वर बघा" हे उत्तर जवळपास बंद झालं.

भांडण पेटल्यावर

रात्री अकराला भांडण पेटलं तर ग्रुप काही तासांसाठी 'फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील' असा करून ठेवा. "सकाळी नऊला पुन्हा सुरू करू" एवढंच लिहा. कोण चुकलं ते लिहू नका. दोघांनाही फोन करा, आधी ज्याला जास्त लागलंय त्याला. फोनवर ज्या गोष्टी अर्ध्या तासात मिटतात त्या ग्रुपवर आठवडा घेतात, कारण ग्रुपवर दोघेही एकमेकांशी न बोलता बाकीच्या दोनशेंशी बोलत असतात.

काढायची वेळ आलीच तर आधी लेखी ताकीद द्या. निर्णय एका अ‍ॅडमिनने घेऊ नये, दोघांनी घ्यावा. कारण त्या व्यक्तीला खासगीत कळवा आणि किती महिन्यांनी परत येता येईल तेही सांगा. कायमचं काढणं हे धमकी, अश्लीलता, फसवणूक यांसाठीच ठेवा.

अ‍ॅडमिनला तुरुंगात जावं लागतं का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि भीती पसरवणारे फॉरवर्डही त्यावरच असतात. सदस्याने आक्षेपार्ह मेसेज टाकला, एवढ्यावरून अ‍ॅडमिन गुन्हेगार ठरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेणं-काढणं एवढंच असतं, मेसेज येण्याआधी तो अडवू शकत नाही. त्यामुळे दोघांचा समान उद्देश किंवा आधी ठरलेला कट दिसल्याशिवाय सदस्याच्या कृत्यासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये असाच निर्णय दिला.

तरीही तीन गोष्टी विसरू नका. तुम्ही स्वतः पुढे पाठवलेल्या मेसेजची जबाबदारी तुमचीच आहे. 'फॉरवर्डेड अ‍ॅज रिसीव्ह्ड' लिहिल्याने ती टळत नाही. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. आणि कुणी '६६ अ खाली आत टाकीन' म्हणत असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच रद्द केलं आहे.

ज्याला काढलं त्याचे हक्क काय? खासगी ग्रुपवर राहण्याचा कायदेशीर हक्क कुणालाच नाही. "मला परत घ्या नाहीतर केस करतो," या धमकीला घाबरू नका. पण काढताना त्याच्याबद्दल ग्रुपवर जे लिहाल ते बदनामीकारक असू शकतं. म्हणून कारण चारचौघांत लिहू नका.

सदस्य म्हणून तुमच्या हातात काय आहे

- न विचारता अनोळखी माणसाने जोडू नये यासाठी 'प्रायव्हसी'मध्ये 'ग्रुप्स' उघडा आणि 'माझे संपर्क' निवडा.
- गाजावाजा न करता बाहेर पडता येतं. २०२२ पासून त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते. साठ दिवसांपर्यंत सोडून गेलेल्यांच्या यादीत नाव दिसतं, एवढंच.
- ग्रुप किंवा माणूस 'रिपोर्ट' केला तर शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. समोरच्याला ते कळत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं.
- ग्रुपवरच्या लिंकमुळे पैसे गेले तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिले काही तास मोलाचे असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.
- एखादी बाई ग्रुपवरून नंबर मिळवून सतत मेसेज करणाऱ्या माणसाने त्रस्त असेल तर ती घरगुती कुरबूर नाही. नको म्हटल्यावरही असा पाठलाग करणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. अ‍ॅडमिनने त्या माणसाला तात्काळ काढावं. "समजून घ्या, जुना मित्र आहे," असं तिलाच सांगू नये.

पुरावा ठेवताना चॅट पुसू नका. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ फोन जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं.

सोसायटीचा ग्रुप: तिथे ठराव होत नाही

सोसायटीच्या ग्रुपचे प्रश्न वेगळे आहेत, कारण तिथे भांडणाच्या मागे कायदा उभा असतो. "ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे रंगाचं काम मंजूर," हे चालत नाही. मंजुरी सर्वसाधारण सभेतच होते. आदर्श उपविधींनुसार वार्षिक सभेसाठी पूर्ण चौदा दिवसांची आणि विशेष सभेसाठी पूर्ण पाच दिवसांची सूचना, विषयपत्रिका आणि नंतर इतिवृत्त हवं. ग्रुपवर कौल घ्या, चर्चा करा, पण तो सभेची तयारी म्हणून. ग्रुपवर नसलेल्या सभासदाला सूचना मिळाली नाही, तर "ग्रुपवर टाकलं होतं" हे उत्तर पुरेसं नाही.

थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकू नका, विशेषतः भाडेकरूही त्याच ग्रुपवर असतील तर. वसुलीचा रीतसर मार्ग आहे: नोटीस, आणि मग उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. भाडेकरूंची आधारकार्डं, वाहनांचे क्रमांक, "आम्ही दहा दिवस गावाला चाललोय," हे असले मेसेजही तिथे नकोत. इमारतीत घरं बदलतात, पण गेलेली माणसं ग्रुपवर तशीच राहतात. वर्षातून एकदा सभासदांच्या नोंदवहीशी ग्रुप ताडून बघा.

आणि तो नेहमीचा प्रश्न: समिती बदलली, जुना सेक्रेटरी ग्रुप सोडत नाही. ज्याने ग्रुप तयार केला त्याला तो स्वतः बाहेर पडेपर्यंत काढता येत नाही, त्यामुळे ओढाताण करू नका. सोसायटीच्या नावाने एक सिमकार्ड घ्या, ते कार्यालयाच्या फोनमध्ये ठेवा, त्यावरून नवा ग्रुप काढा आणि समितीच्या सभेत तशी नोंद करा. पुढच्या निवडणुकीनंतर फोन नव्या सेक्रेटरीच्या हाती गेला की काम झालं.

पैसे गोळा होऊ लागले की

वर्गणी एकाच्या वैयक्तिक खात्यात येत असेल तर तीन गोष्टी करा: दोघांच्या संयुक्त खात्यात जमा, दर महिन्याला ग्रुपवर हिशेब, आणि उरलेल्या पैशांचं काय करायचं हे आधीच लिहून ठेवणं. काम वर्षानुवर्षं चालणार असेल, बाहेरच्यांकडूनही पैसे येणार असतील, तर नोंदणी करा. सात सदस्य असले की संस्था नोंदवता येते. सार्वजनिक वर्गणीला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते, हे गणेशोत्सव मंडळात काम केलेल्या कुणालाही विचारा.

आठवणी दुसऱ्याच्या घरात ठेवू नका

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. तिथे मराठी माणसांच्या कम्युनिटीज होत्या, लोक रात्र रात्र लिहीत होते. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं, याहू ग्रुप्स २०२० च्या डिसेंबरात. त्याउलट १९९६ साली सुरू झालेली मायबोली स्वतःच्या संकेतस्थळावर आजही आहे. अ‍ॅप कुणाच्या मालकीचं, याचा विचार ग्रुप भरभराटीत असतानाच करा.

दर वर्षअखेर एकाने बसून तीन गोष्टी ग्रुपबाहेर काढाव्यात: चांगले फोटो, वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं, आणि सदस्यांची नाव-पत्त्यांची यादी. 'एक्सपोर्ट चॅट' ही सोय आहे, पण प्रगत गोपनीयतेचं सेटिंग चालू असेल तर ती चालत नाही. यादी दोघांकडे असावी आणि कागदावरही असावी.

अ‍ॅडमिन थकतो, कधी जातोही

एकच अ‍ॅडमिन असलेला ग्रुप आजच दुरुस्त करा. तो बाहेर पडला तर अ‍ॅप सदस्यांतून कुणालाही अ‍ॅडमिन करतं, आणि तो माणूस तुम्ही निवडलेला नसतो. तीन अ‍ॅडमिन असू द्या, दर दोन वर्षांनी एक बदला, त्यात एक तरी तरुण ठेवा. ज्याने दहा वर्षं सांभाळलं त्याला सगळ्यांसमोर धन्यवाद देऊन मोकळं करा. मी २०१९ मध्ये सोडलं. आठवडाभर हात फोनकडे जायचा, मग बरं वाटलं.

सगळेच ग्रुप टिकवायचे नसतात. पालकांचा ग्रुप मुलांचा निकाल लागल्यावर बंद करायला हरकत नाही. महिनाभर आधी सांगा, हवं ते काढून घ्यायला वेळ द्या, मग एकेकाला काढून शेवटी स्वतः बाहेर पडा. नुसतं सोडून दिलेल्या ग्रुपवर उरतात त्या जाहिराती आणि फसव्या लिंक.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण जुन्या ग्रुपवर ती येतेच. सदस्य वारला तर त्याचा नंबर ग्रुपवर राहतो. नंबर बंद झाला की किमान नव्वद दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. त्यामुळे गेलेल्या मित्राच्या नंबरवरून एखादा अनोळखी माणूस दिसण्याची शक्यता असते, आणि घरच्यांना ते फार लागतं. लगेच काढू नका. तेराव्यानंतर घरच्यांपैकी एकाला फोन करा, नंबर चालू ठेवणार आहात का ते विचारा, आणि त्यांच्या संमतीनेच काढा. आमच्या कागदावरच्या यादीत आता अशी सहा नावं वेगळ्या पानावर आहेत, प्रत्येकापुढे घरच्या एका माणसाचा नंबर. वर्षातून एकदा त्या सहा घरी फोन करायचं काम आम्ही तिघींनी वाटून घेतलं आहे.